ऊन खायची वेळ

डिसेंबर लागला की दोन तारखेला सूर्य जायचा.
कुठे, ते कोणी सांगत नसे.
मुर्मान्स्कच्या बंदरावरचे दिवे भर दुपारीही जळत
आणि बालवाडीच्या खिडकीबाहेर
बर्फच देई थोडासा उजेड,
निळसर, उसना.

न्याहारीनंतर अग्निया पाव्लोव्नाची हाक यायची:
चला रे, ऊन खायला!

आम्ही चौदा जण, नुसत्या चड्ड्यांवर,
डोळ्यांना काळे चष्मे,
रबरी पट्टीत केस अडकून ओढले जायचे.
खोलीच्या मधोमध खांबावर तो दिवा.
त्याला वास होता,
जवळच कुठे वीज पडून गेल्यावर हवेला येतो तसा.
हात धरून गोल उभं राहायचं,
दोन मिनिटं पोट, दोन मिनिटं पाठ.
वाळूचं घड्याळ उलटं ठेवून
ती जाड पडद्यामागे जायची
आणि तिथूनच ओरडायची: वळा!

मग चमचा.
कॉडच्या यकृताचं तेल, पिवळंजर्द,
नाक दाबून गिळायचं, वर मीठ लावलेला काळा पाव.
माझे वडील त्याच माशांमागे चार-चार महिने समुद्रावर.
मला वाटे, तळाशी सांडलेलं ऊन
ते जाळ्याने गोळा करून पाठवतात.
फारसं चुकत नव्हते मी.

तोलिक ख्राम्त्सोव उशिरा आला,
दोन हिवाळे आजीच्या भट्टीमागे काढून.
पाय असे, की मधून मांजर आरामात जावं.
मुडदूस,
अग्निया पाव्लोव्ना पुटपुटली,
दारातल्या सावकाराचं नाव घ्यावं तशी.

एके दिवशी, माझा हात सोडून,
त्याने चष्मा वर केला.
एवढंच.
रात्री डोळ्यांत काच कुटल्यासारखा रडला म्हणे,
दोन दिवस पट्टी.
पट्टीआडून सगळ्यांना सांगत होता:
मी पाहिलाय सूर्य. जांभळा असतो.

जानेवारीत खरा आला.
गावाबाहेरच्या टेकडीवर सारं शहर जमलेलं,
बायका गरम घावनं वाटत होत्या.
क्षितिजावर नखाएवढी नारिंगी कड,
तीही अर्धा तास.
लोक ओरडले, टोप्या उडाल्या.
तोलिक मात्र नाक वर करून हुंगत राहिला.
वास नाही याला, म्हणाला,
हा खोटा आहे.

सगळे हसले. मीही.
आता रोज हाडांचे फोटो काढते, म्हणून सांगते:
त्याचंच बरोबर होतं.
इतकं तिरपं ऊन कातडीला नुसतं शिवून जातं,
आत काही पेटत नाही.
पेटलं, तरच निरोप निघतो,
आधी यकृताकडे, तिथून मूत्रपिंडाकडे,
आणि तेव्हा कुठे आतड्याचं दार
दुधातल्या चुन्यासाठी नीट उघडतं.
नाहीतर दूध येतं, बहुतेक तसंच जातं,
हाडं आपली वाट बघत बसतात.

गेल्या मार्चमध्ये स्ट्रेचरवरून एक म्हातारी आली,
पायरीवरून पडलेली. पायरीही एकच.
पडद्यावर तिचा खुबा उमटला:
वाळवीने खाल्लेलं लाकूड.
नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

अग्निया पाव्लोव्ना,
तुम्ही कधी चमचा घेत नव्हतात?

मोजून यायचं गं तेल, ती म्हणाली,
चौदा पोरं, चौदा चमचे.
आणि दिव्यापुढे मी कशी उभी राहणार?
घड्याळ कोण बघणार?

एकोणतीस हिवाळे त्या पडद्यामागे.

शस्त्रक्रियेनंतर थेंब लिहून दिलेत,
ड जीवनसत्त्वाचे, रंग नाही, वास नाही,
मासा तर जवळपासही नाही.
ड्यूटी संपली की मी चमचा धरते.
ती आधी दाराकडे बघते,
कोणी राहिलं तर नाही ना घ्यायचं,
मग डोळे मिटते
आणि नाक दाबते.